ब्रेकवरचा पाय

काम साधं होतं. एका जुन्या ट्रकच्या इंजिनाची पुली ढिली झाली होती, ती घट्ट करायची. तेवढ्यासाठी प्रेमानंद मेश्राम जेवण करून, कानटोपी घालून, पान्यांची पेटी स्कूटरवर पायांशी ठेवून घरून निघाला. २०२३ साल. जानेवारीची एकवीस तारीख, शनिवार. रात्रीचे सव्वानऊ. अमावस्या होती, पण ते मला नंतर कॅलेंडरात दिसलं. प्रेमानंदला ते माहीतही नसेल. त्याच्या वडिलांनी छप्पन साली इथेच नागपुरात दीक्षा घेतली आणि तेव्हापासून त्या घरात अमावस्या, नजर, अंगात येणं यातलं काही शिरलं नाही.

लाइट गेली म्हणून तुम्ही पोरं वर गच्चीवर आलात. मेघा म्हणते, काका, एखादी भुताची गोष्ट सांगा. सांगतो. पण भूत मी पाहिलेलं नाही. प्रेमानंदनेही पाहिलं नाही. पाहण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

प्रेमानंद माझा दोस्त. मी इथे वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होतो, तो आमच्या गाड्यांचा मिस्त्री. त्या रात्रीचं त्याने मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तिथे जो ड्रायव्हर होता, प्रीतम, त्यानेही सांगितलं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं जुळलं. माझ्या पदरचं मी काही घालणार नाही.

ट्रक मनोहररावांचा. वाडीच्या पुढे अमरावती रोडला त्यांचा ढाबा आहे. त्यांच्या वडिलांनी बासष्ट साली घेतलेली गाडी. नाकवाली, म्हणजे पुढे लांब बोनेट निघालेली. तसे ट्रक आता रस्त्यावर दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शहरात जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. मनोहररावांनी महिनाभर खपून रंग दिला, सीट शिवून घेतली, आणि शनिवारी संध्याकाळी इंजिन ठोकायला लागलं.

फोनवर म्हणाले, "मिस्त्री, बेरिंग गेली वाटते. आता कसं करायचं बावा?"

प्रेमानंद पोचला. इंजिन सुरू करायला लावलं. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला. डॉक्टर छाती ऐकतो तसं. दोन जागा ऐकल्या, तिसरी ऐकली.

"बेरिंग नाही गेली," तो म्हणाला. "पुली हालून राहिली. बंद कर गा."

इंजिनाच्या आत जो मुख्य शाफ्ट फिरतो, त्याच्या पुढच्या टोकावर ही पुली बसते. तिच्यावरून पट्टा जातो, पट्ट्यावर पंखा फिरतो. पुली आणि शाफ्टच्या मध्ये एका खाचेत बोटाच्या पेराएवढा लोखंडी तुकडा असतो, त्याला मिस्त्री चावी म्हणतात. ती चावी झिजली होती. पुली शाफ्टवर डुगडुगत होती आणि प्रत्येक फेऱ्याला ठक्क करत होती. ऐकणाऱ्याला वाटावं की आतलंच काही तुटलंय.

प्रेमानंदने बॅटरी उतरवून जमिनीवर ठेवली. पंखा काढला. रेडिएटर उतरवायला वेळ नव्हता, म्हणून तो पुढून बंपरखाली शिरला आणि खालून हात घातला. मोठा नट खोलला, पुली ओढून काढली. मग ढाब्याच्या भट्टीजवळ बसून एका लोखंडाच्या तुकड्याला कानस मारत नवी चावी तयार केली. दीड तास लागला. प्रीतम त्याला टॉर्च धरून होता. हा प्रीतम मनोहररावांचा ड्रायव्हर, तिशीचा, अमरावतीकडचा. प्रेमानंदशी त्याची ती पहिलीच भेट. हे ध्यानात ठेवा.

चावी बसली. पुली बसली. उरला फक्त नट आवळायचा.

आता त्यात एक अडचण असते. नट आवळायला गेलं की नटाबरोबर शाफ्टही फिरतो. म्हणून गाडी गिअरमध्ये टाकायची आणि कोणीतरी केबिनमध्ये बसून ब्रेक गच्च दाबायचा. चाकं धरली की गिअर धरतो, गिअर धरला की शाफ्ट धरतो. मग नट आवळला जातो.

"मी बसतो नं काका ब्रेकवर," प्रीतम म्हणाला.

प्रेमानंदने हात पुढे केला. "फोन दे तुझा."

"फोन? काहून?"

"दे म्हणलं तं दे. अन् मी सोड म्हणल्याशिवाय पाय उचलू नको. कोणी हाका मारल्या तरी नाही."

प्रीतमने फोन दिला. प्रेमानंदने तो बंद करून स्वतःच्या खिशात टाकला. ढाब्यामागचं आवार रस्त्याच्या बाजूला उतरतं आहे, आणि ट्रकचं तोंड उताराकडे होतं. म्हणून त्याने पुढच्या दोन्ही चाकांना लाकडी गुटके लावले, लाथ मारून पाहिले, परत वाकून पाहिले. मग खाली शिरला.

इथे मला मागचं सांगावं लागेल. नाहीतर तुम्हाला वाटेल एवढी काळजी कशाला.

प्रेमानंद एकटा काम करत नसे. बावीस वर्षं त्याच्याबरोबर चंद्रभान होता. दोघांनी जोडीने गाड्या खोलल्या. चंद्रभान खाली, प्रेमानंद वर. नाहीतर प्रेमानंद खाली आणि चंद्रभान वर. ट्रकखाली आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्यांची एक खूण होती. ब्रेकवर बसलेल्याने केबिनच्या पत्र्यावर दोनदा ठोकलं, टक् टक्, की समजायचं पाय दाबलेला आहे. तीनदा ठोकलं की समजायचं, मी सोडतोय, बाहेर ये. ही खूण त्या दोघांचीच होती. दुसऱ्या कोणाला शिकवायची वेळच आली नाही.

२०१९ च्या ऑगस्टात आमच्या ट्रान्सपोर्टचा एक ट्रक कोराडीच्या रस्त्याला, तिथल्या वीजकेंद्राची राख भरून येताना बिघडला. पाऊस होऊन गेलेला. दोघं गेले. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडवायचा होता. तो सोडवला की गिअर काही कामाचा राहत नाही, गाडी फक्त ब्रेकवर उभी असते. चाकांना दगड लावले होते, पण खाली राखेचा चिखल. प्रेमानंद केबिनमध्ये बसला, ब्रेक दाबला, दोनदा ठोकलं. चंद्रभान खाली शिरला.

गाडी दोन हात सरकली. फक्त दोन हात.

पोलिसांच्या कागदावर आलं की चंद्रभान दारू प्यायलेला होता. मना करत असताना खाली शिरला, आणि खालून त्यानेच दगड काढला. प्रेमानंदने तसा जबाब दिला. खाली सही केली.

आता हा चंद्रभान कोण होता? दर रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना सांगणारा. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, मी मद्यापासून दूर राहीन म्हणताना, ज्याचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा, तो. वस्तीतले निम्मे लोक तेव्हा आवाज खाली आणायचे. तो नाही. त्याने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पोस्टमॉर्टेममध्येही काही निघालं नाही, पण तो अहवाल फायलीत जाऊन पडला. तोवर बोलणं वस्तीभर झालं होतं. लोकांना गोड वाटलं हो ते. एवढा शील सांगत होता, अन् पाहा, आतून कसा निघाला! विहारातला त्याचा फोटो कोणीतरी उतरवला. त्याच्या पोरीची, सरिताची, सोयरीक ठरली होती, ती मोडली. त्याची बायको गोपिका सहा महिने थांबली, आणि मग खोली सोडून खाप्याला भावाकडे निघून गेली. जाताना कोणाला जय भीमसुद्धा केला नाही तिने.

तर तो प्रेमानंद. त्या रात्री ट्रकखाली.

साडेअकरा वाजून गेले होते. थंडी चांगली होती. प्रीतमने ब्रेक दाबला, प्रेमानंदने पाना लावला आणि नट जेवढा हाताने आवळतो तेवढा आवळला. पुढे जोर पुरेना. पान्याला लांब पाइप लावावा लागतो. पेटीतला पाइप आखूड होता.

"प्रीतम, सोड. उतर. मांगं बोअरच्या पाइपाचा तुकडा असंल, पाहून ये."

प्रीतम उतरला. त्याची पावलं ढाब्याकडे गेली. प्रेमानंद खालीच पडून राहिला, पाठीखाली पोतं होतं. पुन्हा निघा, पुन्हा शिरा, साठीच्या माणसाला ते नको असतं. टॉर्च छातीवर ठेवून तो नटाखालचं वॉशर नीट बसवत राहिला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या. ढाब्यावरचं गाणं कोणीतरी बंद केलं.

मग केबिनचं दार उघडलं. लागलं. सीटची स्प्रिंग दबल्याचा आवाज आला.

"नाही भेटला?" प्रेमानंदने विचारलं.

वर सीट एकदा करकरली.

"जाऊ दे. आहे त्यावरच ओढतो. दाब."

वरून आवाज आला. टक् टक्.

त्याने आखूड पाइपच पान्याला लावला, एक पाय एक्सलला टेकवला आणि अंगाचा सगळा भार घालून ओढलं. आणि पोरांनो, मघाशी प्रीतमने दाबलं होतं तेव्हा शाफ्ट थोडा तरी सरकत होता. जुनी गाडी, जुने ब्रेक, तेवढं होणारच. आता शाफ्ट केसभर हलला नाही. डोंगराला बांधल्यासारखा. नट फिरला. पाव फेरा. अर्धा फेरा. कर्र करून बसला. असा बसला की प्रेमानंदला मनातून बरं वाटलं. बावीस वर्षं तो असंच काम करत आला होता, आणि साडेतीन वर्षांत पहिल्यांदा तसं काम झालं होतं.

"शाब्बास," तो म्हणाला.

तेवढ्यात लांबून, ढाब्याच्या पलीकडून, हाक आली.

"काका! पाइप भेटला! येऊन राहिलो!"

प्रीतमची हाक.

प्रेमानंद पान्यावर हात ठेवून तसाच राहिला.

मला म्हणाला, देवराव, आधी मले भीती नाही वाटली. आधी मी हिशोब लावला. मनोहरराव बसले असतील. ढाब्यावरचा कोणी पोऱ्या बसला असंल. मग मले ते ठोकणं आठवलं.

दोनदा.

ते कोणाला माहीत होतं?

"कोण आहे वर?"

काही नाही.

"मनोहरराव?"

गार हवा. डिझेलचा वास. टॉर्चचा उजेड इंजिनाच्या बुडाला.

मग वरून आवाज आला.

टक्.

तो मोजायला लागला. मोजायचं नव्हतं त्याला. पण बावीस वर्षांची सवय.

टक्.

आणि मग… थांबलं.

तिसऱ्याची वाट पाहत तो पडून राहिला. तिसरं आलं की काय, ते त्याला ठाऊक होतं. सोडतोय. पाइप छातीवर आडवा. खांद्याशी चाक. अंग सरकवायचं, तर हात ऐकेना. त्याने मान वळवून गुटक्याकडे पाहिलं. जमिनीवर ऑइल सांडलेलं होतं, आणि गुटका त्याच्यावरून हळूहळू, बोटबोट, उताराकडे घसरत होता.

चाकाखालचा खडा फुटला.

पॅडलची स्प्रिंग किरकिरली. दाबताना वाजते तशी नाही. सोडताना वाजते तशी.

"चंद्रभान…"

किरकिर थांबली.

"सोडू नको गा."

काही नाही.

"सोडू नको. ऐक. तू प्याला नव्हता. थेंबभर पण नाही. मी उतरलो होतो. फोन आला अन् मी खाली उतरलो. मी तीनदा ठोकलं नाही. तुले सांगतलंच नाही मी… दगड तू नाही काढला. मी खोटं बोललो. सही केली मी. माझ्यामुळं झालं गा सगळं… वहिनीले सांगतो. सगळ्यायले सांगतो. सोडू नको…"

मग तो रडायला लागला. मोठ्याने.

वर पॅडल खाली गेलं. एका दमात. फळीला टेकल्याचा आवाज आला, धप्प. चाक होतं तिथे थांबलं. तिसरी ठोक आली नाही.

आता प्रीतमचं ऐका. तो हातात पाइप घेऊन ढाब्याला वळसा घालून आला, तर त्याला आधी मागची भिंत दिसली. ट्रकच्या मागे पांढरी भिंत आहे, तिच्यावर लाल उजेड पडला होता. त्या गाडीला मागे एकच दिवा आहे, ब्रेक दाबला की लागतो. प्रीतमला वाटलं, काका स्वतःच बसले असतील. मग त्याला बॅटरी दिसली. जमिनीवर. दोन्ही तारा सुटलेल्या.

तो तिथेच उभा राहिला. ट्रकखालून कोणीतरी रडत बोलत होतं. त्याने सगळं ऐकलं. केबिनची काच त्याच्या डोळ्यासमोर होती आणि आत कोणी नव्हतं.

लाल उजेड बराच वेळ राहिला, म्हणतो. मग गेला.

त्याने प्रेमानंदला पाय धरून बाहेर ओढलं. दोघांनी मिळून केबिनचं दार उघडलं. रिकामी सीट. नवीन शिवलेली. आणि ब्रेकचं पॅडल खाली, पार फळीला टेकलेलं. प्रीतमने चपलेच्या टोकाने ते वर उचलून पाहिलं. आलं नाही.

मिरवणुकीला तो ट्रक गेला नाही. चाकं धरलेली होती, गाडी ढकलता येईना.

मंगळवारी प्रेमानंद खाप्याला गेला. मला म्हणाला, चल संग. मी गेलो. गोपिका भावाच्या घरासमोर ओसरीवर तूर पाखडत होती. आम्हाला पाहून तिने सूप खाली ठेवलं, बसा म्हणाली नाही. प्रेमानंदने उभ्यानेच सांगितलं. सगळं. त्या रात्रीचं नाही, कोराडीचं. सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"फोन कोणाचा होता, भाऊजी?"

प्रेमानंद खाली पाहत राहिला.

"सांगा नं. कोणाचा होता?"

"कंपनीचा," तो म्हणाला. "रेकॉर्ड केलेला. मोबाइलवर गाणं लावा म्हणते नं, ते… केबिनमंदी ऐकू येऊन नव्हतं राहिलं, म्हणून उतरलो."

गोपिकाने सूप परत उचललं. दोनदा पाखडलं. मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल, काहीतरी फेकून मारेल. मारायला पाहिजे होतं.

"तो नव्हता पीत, हे मले काय सांगता?" ती म्हणाली. "मी पंचवीस वर्षं त्याच्या शेजारी झोपली. मले माहीत नाही का? ज्यायले माहीत नाही त्यायले जाऊन सांगा."

आणि आत निघून गेली. आतून सरिताने बाहेर डोकावून पाहिलं. दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी प्रेमानंद विहारात उभा राहिला. वंदना झाली होती, लोक उठायच्या बेतात होते. त्याने हात जोडले आणि सांगितलं. चंद्रभान प्यायला नव्हता. मी खोटं बोललो. त्याचा जीव माझ्या हातून गेला.

तुम्हाला वाटेल, मग काय झालं असेल. काही नाही झालं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "झालं न बावा आता, चार वर्षं होत आली. काहून उकरून राहिला?" दुसरा म्हणाला, "मन हलकं करून राहिला, करू द्या." एक बाई म्हणाली, पण थोडीफार घेत असंलच, उगाच कोणी नाव घेते का. आणि पंधरा मिनिटांत विहार रिकामा झाला. चंद्रभानचा फोटो कुठे आहे, हे प्रेमानंदने विचारलं. कोणाला माहीत नव्हतं. आजही वस्तीत तुम्ही चंद्रभान म्हटलं तर म्हातारे विचारतात, कोण, तो दारूत मेला तो का?

प्रेमानंदने मिस्त्रीकाम सोडलं. एका गोदामावर चौकीदार आहे. रस्त्यात भेटतो. आम्ही बोलत नाही.

का बोलत नाही? सुशील, तू हे विचारशील असं मला वाटलंच होतं.

तो जबाब प्रेमानंदच्या तोंडून निघालेला नव्हता. त्या दिवशी दुपारी आमच्या मालकाने मला आत बोलावलं. म्हणाला, गाडीवर काही यायला नको, आपल्यावर काही यायला नको. मेलेल्याला आता काय फरक पडतो, देवराव, तू लिहायला हुशार आहेस. मी लिहिलं. 'मयत हा दारूच्या अंमलाखाली होता.' हे वाक्य माझं. दगडाचं वाक्यही माझंच. प्रेमानंद कोपऱ्यात बसून थरथरत होता. त्याच्यापुढे कागद मी धरला, पेन मी दिलं. तो वाचू शकेल अशा अवस्थेत नव्हता, म्हणून वाचूनही मीच दाखवलं. शुद्धलेखनाची एक चूक होती, ती मी दुरुस्त केली.

त्या रविवारी मी विहारात तिसऱ्या ओळीत बसलो होतो. प्रेमानंदने माझं नाव घेतलं नाही. एकदा फक्त माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहिलं.

हे मी आज पहिल्यांदा सांगतोय. तेही अंधारात, आणि ज्यांनी चंद्रभानला कधी पाहिलं नाही अशा पोरांना. एवढंच जमलं.

बसा थोडं. अजून राहिलंय.

तो ट्रक तिथेच आहे. मनोहररावांनी चार मिस्त्री आणले. ब्रेकचं तेल काढून टाकलं, नळ्या सोडवल्या, पॅडलची स्प्रिंग नवी घातली. चाकं खोलली, आत काही अडकलेलं नव्हतं. पॅडल वर येत नाही. शेवटी मनोहररावांनी केबिनला कुलूप लावलं आणि किल्ली गल्ल्याच्या खणात टाकून दिली. त्या खणालाही आता कोणी हात लावत नाही.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो. संध्याकाळी. किल्ली मागितली. मनोहररावांनी माझ्याकडे पाहिलं, का म्हणून विचारलं नाही.

कुलूप गंजलं होतं. दार ओढून उघडावं लागलं.

आत धूळ. सीटवर, स्टिअरिंगवर, काचेच्या आतून. बोट टेकवलं की पेरभर उमटेल एवढी. खालच्या फळीवरही तीच धूळ, सारखी, कोणाचं पाऊल नाही… उंदराचंसुद्धा नाही.

मी मोबाइलचा उजेड खाली नेला.

क्लचवर धूळ. अॅक्सिलरेटरवर धूळ.

मधलं पॅडल खाली होतं… फळीला टेकलेलं.

त्याच्या रबरावर धूळ नव्हती.